नदीवरची वहिवाट



आजचा विषय संयोजकांना कळवला तेव्हा फोनवर पलीकडून क्षणभर काही आवाजच आला नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस 'नदीवरची सहल' या विषयावर तासभर काय बोलणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. सहल ही बोलायची गोष्टच नव्हे, जायची गोष्ट आहे. पण मास्तर मंडळींना एक खोड असते. रोजच्या वापरातला एखादा शब्द उचलायचा आणि तो उलटसुलट करून बघायचा. आज आम्ही तसाच एक शब्द घेऊन आलो आहोत. तो शब्द म्हणजे 'वहिवाट'.

शेतकऱ्याच्या घरात हा शब्द शिकवावा लागत नाही. बांधावरून चार पिढ्या बैलगाडी जात असेल, तर कागद असो वा नसो, तो रस्ता वहिवाटीचा. उद्या कुणी तिथं काटे टाकले तर माणूस मामलेदाराकडं जातो आणि सांगतो, "साहेब, आमची वहिवाट हाय." वापर चालू राहिला म्हणून हक्क टिकला, असा या शब्दाचा अर्थ. आमचं म्हणणं थोडक्यात असं, की घरच्या माणसांना घेऊन एक दिवस नदीवर जाणं ही सुद्धा एक वहिवाट आहे. आणि तिचा इतिहास वाटतो तितका साधा नाही.

आधी नदीची ओळख. आपल्यातले बरेच जण लांबून ऐकत आहेत, म्हणून सांगतो. आजरा हे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेचं तालुक्याचं गाव. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, म्हणजे सरकारदरबारी आम्ही आता शहर आहोत. गावाला दोन नद्या, हिरण्यकेशी आणि चित्री. हिरण्यकेशी आंबोलीजवळ एका गुहेतून निघते. त्या गुहेपाशी महादेवाचं देऊळ आहे. आंबोलीला वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ते पाणी कोकणात न उतरता पूर्वेला वळतं, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळतं, पुढं कृष्णेत जातं आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. आजऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर हीच नदी काळ्या खडकांवरून खाली उड्या घेते. तिथं देवळं आहेत, झाडी आहे, डोह आहे. त्या जागेला रामतीर्थ म्हणतात. वनवासात राम इथं राहिला होता अशी श्रद्धा आहे. आमच्या गावातल्या प्रत्येक घराची पहिली सहल ही रामतीर्थाचीच.

आता आमच्या लहानपणीचं रामतीर्थ डोळ्यांसमोर आणा. काळ एकोणीसशे पन्नासच्या दशकाचा शेवट. पहाटे उठायचं. आईनं आदल्या रात्रीच भाकऱ्या थापून ठेवलेल्या. शेंगदाण्याची चटणी, कांदे, दह्याचं गाडगं आणि घनसाळ तांदळाची पुरचुंडी. आज त्या आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन आहे, २०१६ साली मिळालं. तेव्हा तो फक्त सणासुदीचा तांदूळ होता. आम्ही पोरं पुढं पळायचो, वडील छत्री घेऊन मागून, आणि सगळ्यांत शेवटी डोक्यावर ओझं घेऊन बायका. पोचल्यावर तीन दगडांची चूल, ओल्या लाकडांचा धूर, आणि थोड्या वेळानं शिजत्या घनसाळचा वास. आम्ही पाण्यात, वडील माणसं झाडाखाली पत्ते खेळत. संध्याकाळी परत. एवढीच आमची सहल.

हे सगळं किती जुनं असेल? आम्हाला लहानपणी वाटायचं, रामापासूनचं. इतिहास बघितला की दिसतं, यात तीन वेगवेगळे प्रवाह येऊन मिळालेत.

पहिला प्रवाह तीर्थाचा. आपल्याकडं नदीवर उगाच जात नसत, निमित्त लागायचं. पर्वणीचं स्नान, महाशिवरात्रीची यात्रा, कार्तिकातलं आवळीभोजन. भाद्रपदात आमच्या भागात बायका पाणवठ्यावर जाऊन तेरड्याच्या रोपांची गौर आणतात, गाणी म्हणत आणतात. नीट बघितलं तर तिला आठवड्याच्या कामातून मिळालेली ती मोकळीक होती. फक्त तिला मोकळीक म्हणायचं नाही, धर्म म्हणायचं. कोल्हापूर शहरात याचं फार सुंदर रूप आहे. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं, की ते घागरीतून वाजतगाजत त्र्यंबोलीच्या टेकडीवर न्यायचं, देवीच्या पायऱ्यांवर ओतायचं, आणि मग जेवण. गल्लीच्या गल्ली त्या दिवशी टेकडीवर लोटते. नदी, देवी, कुटुंब आणि जेवण असं सगळं एका दिवसात. ही शहरातल्या माणसांची सहल नव्हे तर काय?

हे केवळ आपल्याकडंच घडलं असं नाही. जपानात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तोकुगावा योशिमुने या शोगुनानं एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सुमिदा नदीच्या बांधावर चेरीची झाडं लावली. फुलं बघायला शहरातली साधी माणसं डबे घेऊन येऊ लागली. लोक चालल्यानं बांधही दबून पक्का होतो, असंही तिकडं सांगितलं जातं. ते खरं असेल नसेल, कल्पना मात्र विचार करण्यासारखी आहे. माणसांच्या पायांनी नदीचा काठ टिकतो.

दुसरा प्रवाह सुटीचा. सहलीला जागा लागते, तसा दिवसही लागतो. आणि दिवस फुकट मिळत नाही. शेतकऱ्याला आठवड्याची सुटी नव्हती, त्याला सण होते आणि अमावास्या होती. 'रविवारची सुटी' ही कल्पना गिरणीच्या भोंग्याबरोबर आली. इंग्लंडमध्ये १८७१ साली बँकांच्या सुट्यांचा कायदा झाला आणि तिथला कारकून, कामगार बायकापोरांसह नदीकडं, समुद्राकडं निघाला. पॅरिसजवळचं चित्र तर प्रत्यक्ष चित्रातच आहे. जॉर्ज सरा या चित्रकारानं १८८४ मध्ये सेन नदीच्या काठावर आंघोळीला आलेली साधी माणसं रंगवली. चित्रात मागं बघितलं तर कारखान्यांची धुराडी दिसतात. धुराडं आणि नदीकाठचा निवांतपणा एकाच चौकटीत.

आपल्याकडं ही लढाई मुंबईत झाली. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि मागणी केली, आठवड्यातून एक दिवस सुटी. वर्षानुवर्षं मागणी केल्यावर १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवार हा सुटीचा दिवस झाला. रविवार हा खंडोबाचा वार, आमच्याकडं जोतिबाचाही वार. म्हणजे सुटी नवी असली तरी वार ओळखीचा होता.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या गिरण्यांचा आजऱ्याच्या नदीशी काय संबंध? फार जवळचा आहे. आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड या पट्ट्यातून माणसं पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावात गेली. आमचे एक काका असेच गिरणीत. ते मे महिन्यात गावी यायचे ते दोन नव्या गोष्टी घेऊन. एक म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि दुसरी गोष्ट म्हणजे 'आयतवार'. आमच्या आजोबांना आयतवार फक्त देवाचा ठाऊक होता. काका म्हणायचे, "आज आयतवार हाय, आज काय काम करायचं न्हाई. सगळी नदीवर चला." आजोबा कपाळावर हात मारायचे. "देव न्हाई, पर्वणी न्हाई, आन नदीवर कशाला?" आमच्या घरात विनाकारण नदीवर जाण्याची सुरुवात ही अशी झाली. पुढं १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही. काका तेव्हा गावी परत आले ते कायमचे. मग त्यांचे सगळेच वार आयतवार झाले, आणि नदीवर चला म्हणणं त्यांनी सोडून दिलं. सुटी ही कामाच्या जिवावर असते, हे आम्हाला पुस्तकातून नव्हे, त्यांच्याकडं बघून कळलं.

तिसरा प्रवाह हा सांगायला अवघड आहे. इतका वेळ आम्ही 'आम्ही' म्हणत आलो. पण हे 'आम्ही' म्हणजे नेमके कोण?

आमच्या वर्गात एक मित्र होता. शाळेत एका बाकावर बसायचो. तो महारवाड्यातला, तेव्हा हाच शब्द वापरत. रामतीर्थाला तोही यायचा, त्याच्या घरची माणसं घेऊन. पण आमची चूल वर, देवळाच्या अंगाला. त्यांची चूल खाली, प्रवाहाच्या खालच्या बाजूला. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, की त्यांनी खालीच बसायचं. कुणी पाटी लावली नव्हती. पाणवठे जसे वर-खाली वाटलेले, तशी सहलही वाटलेली. आम्ही वरून एकमेकांना हात करायचो. हात करण्यात काही अडचण नव्हती.

साठ वर्षांनी, आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर, तो एकदा सहज म्हणाला, "तुमच्या घनसाळाचा वास आमच्यापर्यंत यायचा बघ. आई म्हणायची, चला, वासाबरोबर भाकरी खावा." तो हसून म्हणाला. आम्हाला हसता आलं नाही. साठ वर्षं आम्ही ती सहल आमच्या आयुष्यातली सगळ्यांत निरागस आठवण म्हणून जपली होती.

इथं वहिवाट या शब्दाची दुसरी बाजू दिसते. आपण सुरुवातीला म्हटलं, वापर चालू राहिला की हक्क टिकतो. पण दुसऱ्याला दूर ठेवण्याचा वापर चालू राहिला, तर तोही हक्क होतो का?

हा प्रश्न खरोखर कोर्टात गेला होता. त्याचा क्रम बघा. आजरा त्या काळात इचलकरंजीच्या घोरपडे जहागिरीतला महाल, आणि जहागीर कोल्हापूर दरबाराच्या छत्राखालची. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा यांत अस्पृश्यता पाळायची नाही असे हुकूम काढले. १९२० च्या मार्चमध्ये माणगावला परिषद झाली, तिथं शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर होते. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक पाणी प्याले.

त्यानंतर महाडचे काही सवर्ण लोक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं काय होतं? हेच, की अस्पृश्यांनी तळ्याला शिवायचं नाही ही पूर्वापार वहिवाट आहे. खटला दहा वर्षं चालला. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला, की अशी अनादी काळापासूनची रूढी सिद्ध होत नाही. दावा फेटाळला गेला.

आम्ही वर्गात नीतिशास्त्र शिकवताना हा निकाल आवर्जून सांगायचो. परंपरा म्हणून जे आपण मांडतो, ते किती जुनं आहे हे एकदा तपासून बघा; पुष्कळदा ते आपल्या आजोबांच्या पलीकडं जात नाही. आणि आणखी एक. जाण्याची वहिवाट आणि अडवण्याची वहिवाट या दोन्हींना शब्द एकच असला, तरी न्याय एक असू शकत नाही. पहिली वाट दुसऱ्याची वाट बंद न करता चालू शकते. दुसरीचं कामच वाट बंद करणं आहे. 'सार्वजनिक' हा शब्द एकोणिसाव्या शतकात मराठीत दणदणीतपणे आला. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची, फुल्यांनी आपल्या धर्मालाच सार्वजनिक सत्यधर्म म्हटलं. पण शब्द आला म्हणून पाणवठा सार्वजनिक होत नाही. तो कुणीतरी जाऊन पाणी प्याल्यावर होतो.

आमच्याच गावात जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये कर्णावर कादंबरी लिहिली. आईनं नदीत सोडलेलं आणि मग आयुष्यभर जात विचारली गेलेलं ते पोर. आजऱ्याच्या मातीतल्या लेखकाला कर्ण इतका जवळचा का वाटला असेल, याचा विचार आम्ही रामतीर्थाच्या खडकावर बसून पुष्कळदा केला आहे.

आता आणखी एका माणसाबद्दल बोलायचं राहिलं. आमची आई. मघाशी सांगितलेली सहल पुन्हा एकदा आठवा. आम्ही पाण्यात, वडील पत्त्यांत. आई कुठं होती? चुलीपाशी. मग पंगत वाढताना. मग भांडी घासताना, नदीच्याच पाण्यात. घरची चूल सोडून ती नदीवर आली ती दुसरी चूल पेटवायला. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ती गेली त्याच्या आधी दोन वर्षं तिला गाडीतून रामतीर्थाला नेलं होतं. डबा हॉटेलातून घेतला होता. ती खडकावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "पाणी एवढं गार असतंय व्हय रं इथलं?" पन्नास वर्षं त्या नदीवर येत होती ती.

म्हणजे बघा, सहल एक आणि तिच्यात माणसं तीन प्रकारची. एकाला पाणी, एकाला वास, एकीला धूर.

आज काय परिस्थिती आहे? नदीही पूर्वीची राहिली नाही. पूर्वी उन्हाळ्यात पात्रात नुसते दगड दिसायचे. आता कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, पावसाळा संपला की बरगे घालतात, पाणी अडतं. चित्री धरणातून आवर्तन सोडतात. शेतीला याचा मोठा आधार झाला, ऊस उभा राहिला. पण साठलेल्या पाण्यात गावाची घाणही साठते. पंचगंगेचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं आहे. संकेश्वर-बांदा महामार्ग रुंद झाला, गाड्या गावातून भर्रकन आंबोलीच्या धबधब्याकडं जातात. पोरं तिथं फोटो काढतात, संध्याकाळी घरी. आंबोलीला ही नदी उगमापाशी सुरक्षित आहे, असं म्हणायला जागा आहे. तिथल्या पाण्यात एक लहानसा मासा सापडला, २०२० साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली, त्याला नदीचंच नाव मिळालं, आणि पुढच्याच वर्षी ती जागा सरकारनं जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. माशामुळं उगमाला राखणदार मिळाला. खाली आमच्या गावात राखणदार कोण?

आमचं उत्तर सरळ आहे. जिथं माणसं पाय सोडून बसतात, तिथं सांडपाणी सोडायला कुणी धजत नाही. जिथं कुणीच बसत नाही, तिथं विचारणारंही कुणी नसतं. बांधावरच्या रस्त्याचंच उदाहरण घ्या. चार वर्षं त्यावरून कुणी गेलं नाही की तिथं नांगर फिरतो, आणि मग मामलेदारापुढं सांगायला साक्षीदार उरत नाही. नदीची वहिवाट अशीच मोडते. कुणी हिसकावून घेत नाही, आपणच जायचं थांबतो.

म्हणून जायला हवं. पण आमच्या लहानपणी गेलो तसं नको. एखाद्या रविवारी जा. डबा घरातल्या बाप्यांनी करावा, आणि घरातल्या बाईनं सगळ्यांच्या आधी पाण्यात पाय सोडावेत. शेजारच्या गल्लीला बरोबर घ्या, आणि खालच्या अंगाला कुणी बसलं असेल तर हाक मारून वर बोलवा, नाहीतर आपण खाली जाऊन बसा. येताना कचरा परत आणा. आणि पावसाळ्यात डोहात उतरू नका. ही नदी जुलै-ऑगस्टमध्ये ओळख दाखवत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आणि तो मित्र असे दोघंच रामतीर्थाला गेलो होतो. दोघांचेही गुडघे आता खडक उतरू देत नाहीत, म्हणून वरच बसलो. घनसाळचा भात आम्ही स्वतः शिजवून नेला होता, थोडा गचका झाला होता. त्यानं दोनदा घेतला. तिसऱ्यांदा वाढायला लागलो तेव्हा म्हणाला, "बस्स. वास मात्र खाली जास्त चांगला यायचा."

इथंच थांबतो. काही प्रश्न असतील तर अवश्य विचारा.